फिकट बलक

ट्रकच्या नाकावर बांधलेला झेंडूचा हार सोपानराव सोडवत होते. सुतळीची गाठ घट्ट बसली होती आणि नखं बोथट झालेली. चिंचवड स्टेशनाजवळच्या त्या गॅरेजात खंडेनवमीला पान्ह्यांपासून कमानपाट्यांपर्यंत सगळ्यांची पूजा झाली होती, दारच्या ट्रकांना हार पडले होते, आणि दसरा उलटल्यावर त्या हारांकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं. फुलं कडेनं काळवंडली होती, पण आतून अजून पिवळीधमक होती. गाठीशी झगडताना हात मध्येच थांबला, आणि रिकाम्या हातांना नेहमी आठवायचं तेच त्यांना आठवलं. घरी पंचांगामागे खोचलेलं ते पत्र. त्याला येऊन वर्ष उलटलं होतं आणि त्यांनी त्याचं उत्तर दिलं नव्हतं.

"काय गुरुजी, यंदा कोंबड्यांचं लगीन काढलंय का?" गॅरेजचे मालक हिंदुराव गाडीखालून निघत म्हणाले. "पोतंभर हार नेताय म्हणून इचारलं."

"पाकळ्या वाळवून खाद्यात घालायच्या आहेत. त्यानं बलकाला रंग येतो म्हणतात."

"म्हणतात म्हंजी? तुमी म्हणता का दुसरं कोन म्हणतंय?"

"पुस्तकात आहे तसं."

गाड्या धुणारी पोरं हसली. सोपानरावही थोडं हसले आणि पुन्हा गाठीला लागले. कोणी सरळ विचारलं की त्यांचं हे असं व्हायचं. चाकणच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं मास्तरकी केली, पण फळ्यावर लिहिलेलं सोडून दुसरं काही त्यांना ठामपणे म्हणता येत नसे. मुलांच्या गळी पाढे उतरवणारा हा माणूस बाजारात भेंडी कोवळी आहे असं म्हणतानाही 'असावी' म्हणायचा. पेन्शनीत निघाल्यावर चिंचवडला येऊन मेहुण्याच्या मळ्याच्या कडेला त्यांनी विलायती कोंबड्या पाळल्या, त्याही सरकारी पत्रकं वाचून वाचून. स्वतः अंडं कधी चाखलं नव्हतं. बायको सुभद्राबाई तर माळकरी. त्या कोंबड्यांना दाणा घालत, नावानं हाका मारत, पण अंड्याला बोट लावत नसत.

अंडी पिंपरीच्या नव्या कारखान्याच्या कँटीनला जात. पावसाळ्यानंतर लसूणघास भरपूर असे, तेव्हा बलक छान पिवळा यायचा. उन्हाळ्यात घास संपला की तो पेंढ्यासारखा पडे आणि कँटीनचा आचारी कुरकुरे, की गुरुजी, तुमच्या कोंबड्या आजारी दिसतात. म्हणून यंदा झेंडू. फाल्गुनापर्यंत पुरेल इतका वाळवून ठेवायचा, एवढाच त्यांचा बेत होता.

गाठ अखेर सुटली. हार पोत्यात कोंबून ते वळले तर समोर इकबाल उभा होता.

इकबाल पूर्वी ह्याच गॅरेजात मेकॅनिक होता. आता तो चाकणला, सासुरवाडीच्या गावी, नाशिक रस्त्यावर स्वतःचं काम करायचा. कुठलासा सुटा भाग न्यायला आला होता. सोपानरावांना वाटलं, पोतं उचलावं आणि मागच्या बाजूनं निघून जावं. पण इकबालनं सलाम केला, पोतं त्यांच्या हातून घेतलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. मग दोघे सावलीला उभे राहिले.

त्यानं तब्येत विचारली, बाईंची विचारली. सोपानरावांनी त्याच्या लेकीची, जमिलाची विचारली. बरी आहे, तो म्हणाला. आता आवाजानं ओळखती सगळ्यांना. विहिरीकडं जाऊ नये म्हणून दाराला आडणा घातलाय. मग त्यानं सांगितलं की मार्गशीर्षात मुलगा झाला, नाव रियाज ठेवलं. रांगतो आता. पेज खातो.

"आणि अंडं?" सोपानरावांच्या तोंडून निघून गेलं.

इकबाल हाताचं ग्रीस चिंधीला पुसत राहिला. डॉक्टर द्यायला सांगतात, तो म्हणाला. तो बाजारातून आणतोही. पण जमिलाची आई ते फोडते, ताटलीत घेऊन उजेडाला धरते, आणि मांजराला घालते. तिला एकही अंडं पसंत पडत नाही.

"तुमाला पत्र लिव्हलं होतं तिनं," इकबाल म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "उत्तर आलं न्हाई. मी म्हनलं, गुरुजी म्हातारं मानूस, ऱ्हाऊन गेलं असंल. ती म्हनती, न्हाई. गुरुजी खोटं लिव्हत न्हाईत, आन खरं त्यांच्यानं लिव्हवलं न्हाई. म्हंजी माझंच चुकलं."

सोपानरावांनी पोत्याचं तोंड उगाच पुन्हा बांधलं.

"पोराला हात लावायला भिती ती, गुरुजी. न्हाऊ बी माझी आई घालती."

एवढं बोलून इकबाल हिंदुरावांशी बोलायला आत गेला. सोपानराव पोतं खांद्यावर टाकून रुळांच्या कडेनं घरी निघाले. पोतं हलकं होतं, तरी वाटेत त्यांनी ते पुन्हा पुन्हा खाली ठेवलं.

जमिलाची आई, ताजुन्निसा, त्यांच्या शाळेत होती. चौथीपर्यंत शिकली. ओळभर अक्षरं आधी काढायची आणि मग एका दमात सबंध ओळीवर शिरोरेषा ओढायची, ही त्यांचीच शिकवण. पत्र हातात पडलं तेव्हा आतलं काही वाचण्याआधी ती न तुटलेली रेघ त्यांना दिसली होती आणि पत्र कोणाचं ते कळलं होतं.

लग्नानंतर इकबालबरोबर ती चिंचवडला राहायला आली, तेव्हा शेजारधर्म म्हणून यायची. जमिला चौथ्या वर्षात होती. एक दिवस ताजुन्निसा सांगू लागली, की पोर दिवे लागायच्या वेळेला उंबऱ्याला अडखळते, समोरची वाटी चाचपते. तळेगावच्या डॉक्टरांनी रातांधळेपणाची सुरुवात आहे म्हणून सांगितलं. अंडी द्या, काळीज द्या, पालेभाज्या द्या. सोपानरावांनी रोज एक ताजं अंडं बाजूला काढायला सुरुवात केली. घास हिरवागार होता, बलक गडद होता. ताजुन्निसा अंडं फोडून लेकीला दाखवायची, बघ, सूर्य निघाला. माघापर्यंत पोर दिवेलागणीला दारात पाटावर बसून भुईमुगाच्या शेंगा निवडू लागली होती.

मग विहीर आटली आणि लसूणघास करपला. सोपानरावांनी पत्रकात वाचलं होतं, की ओला चारा नसेल तेव्हा शार्क माशाच्या यकृताचं तेल खाद्यात मिसळावं. डोळ्यांना लागणारं जीवनसत्त्व त्यात ठासून भरलेलं असतं. त्यांनी मुंबईहून बाटल्या मागवल्या. सुभद्राबाईंनी त्या घरात येऊ दिल्या नाहीत, म्हणून न्हाणीच्या दगडामागे ठेवल्या. कोंबड्या ते खाद्य आवडीनं खात. पण त्या तेलाला जीवनसत्त्व होतं, रंग नव्हता. बलक दिवसेंदिवस फिकट होत गेला आणि अखेर ताकात हळदीचं बोट बुडवावं इतकाच उरला. सुभद्राबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी खाद्यात हळदही कालवून पाहिली. कोंबड्यांच्या चोची पिवळ्या झाल्या, बलक होता तसाच राहिला.

ताजुन्निसा वाटीत फोडलेलं अंडं घेऊन आली होती.

"गुरुजी, हे असं पांढरं का? ताकद गेली का ह्यातली?"

खरं तर अंड्यात ताकद पहिल्यापेक्षा जास्तच असायला हवी होती. रंग वेगळा आणि ताकद वेगळी, हे पत्रकात स्वच्छ छापलं होतं. पण पत्रक छापणाऱ्यानं जमिलाला पाहिलं नव्हतं, आणि सोपानरावांनी ते जीवनसत्त्व पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, रंगावर तसं काही नसतं, बहुधा. निदान असं म्हणतात.

ताजुन्निसानं मान हलवली. वाटी पदराखाली झाकून गेली. नंतर अंडं न्यायला ती आली नाही. चार दिवसांनी त्यांना कळलं की ती आता त्याऐवजी बाजारातून खारका आणते. जाऊन तिला नीट सांगावं असं त्यांना रोज वाटे. आपण कोण सांगणारे, असंही वाटे. वैशाखात वस्तीत गोवराची साथ आली. जमिलाचा ताप उतरला तेव्हा तिच्या दोन्ही बुबुळांवर पांढरा पडदा आला होता. तळेगावच्या डॉक्टरांना सोपानरावांनी एकट्यानं गाठून विचारलं, की अंडी चालू असती तर? डॉक्टर म्हणाले, अंगात जीवनसत्त्व असतं तर डोळे वाचतातही. नेमकं कोण सांगणार.

ते सगळे चाकणला गेल्यावर ज्येष्ठात तिथून पत्र आलं. पाच-सहा ओळींचंच होतं. "गुरुजी, तुम्ही खरं सांगाल म्हणून विचारते. त्या पांढऱ्या अंड्यांत ताकद होती का? मी ती बंद केली. असली तरी सांगा. रात्री झोप लागत नाही. कळलं म्हणजे लागेल."

घरी पोहोचल्यावर त्यांनी पोतं ओसरीवर ओतलं. सुभद्राबाई बाहेर आल्या आणि तिथंच थबकल्या.

"हे पूजेचं हाय," त्या म्हणाल्या. "निर्माल्य हाय हे. पवनेत सोडायचं सोडून कोंबड्यांपुढं टाकता?"

पाकळ्या झाडावरून काय आणि हारातून काय, सारख्याच, असं काहीतरी ते पुटपुटले. फुलं त्यांनी पुन्हा गोळा करायला घेतली, उद्या नदीवर नेतो म्हणाले. गोळा करता करता खाली बसले आणि बसूनच राहिले. सुभद्राबाईंनी पाणी आणून दिलं. मग त्यांनी इकबाल काय बोलला ते सगळं सांगितलं. पत्र त्यांनी बायकोला पूर्वीच वाचून दाखवलं होतं.

"मग होती का ताकद?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"होती. त्या तेलानं जास्तच होती."

"नक्की?"

"आता नक्की. पुन्हा वाचलं मी. तिघाचौघांना विचारलं."

"मग तिला हे लिव्हणार?"

त्यांनी लिहून पाहिलं होतं. एकदा नाही, अनेकदा. खरं लिहावं तर ताजुन्निसानं आपल्या हातानं लेकीच्या तोंडचं काढून घेतलं असं लिहावं लागत होतं. मग ते बोचू नये म्हणून ते कदाचित, असू शकेल, सांगता येत नाही अशी वाक्यं घालत, आणि वाचताना त्यांचं त्यांनाच दिसे, की ह्या सगळ्यांतून ती 'ताकद होती' एवढं एकच वाक्य उचलेल.

"आंधळी पोर तिच्या मांडीवर हाय," सुभद्राबाई हळूच म्हणाल्या. "अंड्यात काय होतं ते तिला कशाला पायजे? तिच्या हातनं काय झालं, ते इचारतीय ती."

त्या आत गेल्या.

सकाळी सोपानराव ओसरीवर आले तर सुभद्राबाई पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात सूप होतं. एकेक फूल उचलून त्या देठ मोडत होत्या आणि पाकळ्या सुपात मोकळ्या करत होत्या. सुतळ्यांचा गुंडा आणि देठांचा ढीग त्यांनी वेगळा ठेवला होता.

"एवढं नदीत सोडून या," त्या वर न पाहता म्हणाल्या. "देवाला तेवढं बास."

सोपानराव नदीवर जाऊन आले. पाकळ्या सावलीला वाळल्या, जात्यात भरडल्या गेल्या. शार्कच्या तेलाची नवी बाटली त्यांनी फोडली आणि ह्या खेपेला कोणाला काही न विचारता खाद्यात तेल आणि पाकळ्या दोन्ही कालवली. कँटीनची अंडी कँटीनला जात राहिली. तिथला आचारी एकदा म्हणाला, घासाच्या दिवसांतही एवढा रंग कधी आला नव्हता. सोपानराव हिंदुरावांकडून आणि स्टेशनावरच्या दुकानांतून राहिलेले हारही मागून घेऊन आले. दिवाळीचे सांगून ठेवले. लोकांनी पुन्हा चेष्टा केली. ती त्यांना फारशी ऐकू आली नाही.

दिवाळीच्या आसपास एका सकाळी त्यांनी खुराड्यातून एक अंडं आणलं आणि पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत फोडलं. बशी घेऊन ते उजेडात, तुळशीपाशी आले. सुभद्राबाई अंड्यापासून दोन हात लांब उभ्या राहिल्या आणि मान पुढं काढून पाहू लागल्या. बलक भगवा होता. केशराच्या काड्या दुधात भिजवल्या तर मधोमध रंग दिसतो तसा, आणि बशी हलवली तरी न फुटणारा.

"रंगच हाय न्हवं हा नुसता?"

"रंगच."

"पर ती फेकणार न्हाई."

"नाही फेकणार. ताकद तेलातून येईल. ती दिसत नाही."

सोपानरावांनी बशी खाली ठेवली, हात धुतले आणि दौत-टाक घेऊन बसले. ह्या वेळी कागद एकच लागला.

"चि. ताजुन्निसा हिस अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला मला उशीर झाला. त्या उन्हाळ्यात माझ्या अंड्यांत ताकद नव्हती. चारा संपला होता आणि मी कोंबड्यांना नीट खाऊ घातलं नाही. मला ते ठाऊक होतं आणि तुला सांगायची लाज वाटली, म्हणून इतके दिवस गप्प राहिलो. तू ती अंडी बंद केलीस ते बरोबर केलंस. ती दिली असतीस तरी जमिलाला उपयोग झाला नसता. दोष तुझा नाही. आता खाद्य सुधारलं आहे. इकबाल येईल तेव्हा त्याच्याबरोबर अंडी पाठवीन. फोडून बघ. बलक गडद असेल तर रियाजला दे. उन्हाळ्यातही गडदच असेल. पोरांना माझे आशीर्वाद."

लिहून झाल्यावर सवयीनं त्यांनी लाल पेन्सिल उचलली आणि ओळीओळीवरून नेली. शुद्धलेखनाची चूक कुठं सापडली नाही. पेन्सिल त्यांनी खाली ठेवली.

सुभद्राबाईंना त्यांनी पत्र वाचून दाखवलं.

"ती हे चार बायांना दाखवंल," त्या म्हणाल्या. "चाकणात शाळेपातूर जाईल. मास्तरानं कोंबड्यांना उपाशी ठेवून लेकराची अंडी इकली म्हणतील."

"म्हणतील."

"अन कँटीनवाले?"

"त्यांना कळलं तर घेणार नाहीत बहुधा." त्यांनी पाकीट चिकटवायला जिभेला लावलं आणि मग म्हणाले, "घेणार नाहीतच."

पत्र इकबालबरोबर देता आलं असतं. पण तिनं टपालानं विचारलं होतं. टपालवाल्यानं तिच्या दारात येऊन तिचं नाव घ्यावं, तिनं ते स्वतः फोडावं, आणि पहिल्यांदा वाचेल तेव्हा जवळ कोणी नसावं, असं त्यांना वाटत होतं. अंडी मागाहून जातील.

स्टेशनच्या पोस्टाच्या पेटीपाशी ते उभे राहिले. पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचला आणि ते आत टाकलं. पेटी जवळजवळ रिकामी असावी, पाकीट तळाशी आपटल्याचा आवाज आला. परत फिरायचं सोडून ते तिथंच घुटमळले. थोड्या वेळानं मारुतराव पोस्टमन सायकल टेकवून किल्ल्या काढत आले. गुरुजींना पेटीशी उभं पाहून त्यांना वाटलं, काहीतरी घोटाळा झाला.

"काय गुरुजी, भलतंच काय पडलं का आत? अजून पिशवी बांधली न्हाई. काढून देऊ का?"

मारुतरावांनी दार उघडलं होतं. चार कार्डांच्या वर ते पाकीट पालथं पडलं होतं.

"नाही," सोपानराव म्हणाले. "चाकणची गाडी केव्हा निघते?"

"ही बघा, ही पिशवी घेऊनच निघंल."

मारुतरावांनी सगळं टपाल ओंजळीनं पिशवीत सारलं, तोंडाला दोरी आवळली आणि सायकलला अडकवली. सोपानरावांनी फाटकाकडे जाणारी सायकल वळणाआड होईपर्यंत पाहिली. मग ते घरच्या वाटेला लागले. वाटेतल्या दुकानांच्या चौकटींवर दिवाळीचे हार अजून ताजे होते.